जुना लॅपटॉप भंगारात काढण्यापूर्वी

दहावी-बारावीचे निकाल लागले आणि महाविद्यालयीन प्रवेशांची धावपळ सुरू झाली, की आमच्या धर्मग्रामांतील अनेक घरांत एक नवा खर्च येऊन उभा राहतो. फी, पुस्तके आणि रेल्वेचा पास ह्यांच्या जोडीला आता लॅपटॉपही हवा असतो. ४०-५० हजार रुपये ही रक्कम सर्वच कुटुंबांना सहज बाजूला काढता येत नाही. मग पतपेढीचे कर्ज, दुकानदाराचे मासिक हप्ते, क्वचित आईच्या अंगावरचा एखादा दागिना, असे मार्ग शोधले जातात. आणि बहुधा त्याच घरातील कपाटात, साड्यांच्या घड्यांखाली, आठ-दहा वर्षांपूर्वी मोठ्या मुलासाठी घेतलेला एक लॅपटॉप पडून असतो. तो का वापरत नाही असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते : "फादर, तो फार स्लो झालाय."

ह्या 'स्लो झालाय' चा नेमका अर्थ काय, ह्याची थोडी चिकित्सा आज आम्ही करणार आहोत. घरातील माणसाला थकवा जाणवू लागला, की आपण त्याचे सारे अवयव निकामी झाले असे म्हणत नाही. डॉक्टर आधी रक्त तपासतात, हिमोग्लोबिन पाहतात, आणि अनेकदा साध्याशा औषधाने माणूस पुन्हा कामाला लागतो. लॅपटॉपचेही पुष्कळसे तसेच आहे. मंदावलेल्या यंत्रात बहुधा एकच भाग थकलेला असतो. बाकीचे यंत्र आणखी पाच वर्षे काम करण्यास समर्थ असते. थकलेला भाग कोणता हे ओळखता आले, तर कर्जाची पायरी चढावी लागत नाही.

हे समजण्यासाठी लग्नघरातील स्वयंपाकाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. प्रोसेसर हा आचारी. रॅम म्हणजे त्याच्या समोरचा ओटा, ज्यावर चालू पदार्थाचे साहित्य मांडलेले असते. हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली. तेथे सारा शिधा भरून ठेवलेला असतो. आचारी कितीही चपळ असला, तरी प्रत्येक चिमूट मिठासाठी त्याला कोठीपर्यंत जाऊन यावे लागले, तर पंगत बसणार कधी? जुन्या लॅपटॉपमध्ये नेमके हेच घडते. आचारी तरुण असतो. वेळ जातो तो कोठीच्या वाटेवर.

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या चकत्या फिरत असतात आणि एक बारीक दांडी त्यांवरून पुढे-मागे सरकत माहिती वाचते. लॅपटॉपमधील ह्या चकत्या बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे घेतात. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ सहस्रांश सेकंद लागतात. हा काळ आपल्याला नगण्य वाटतो. परंतु संगणक सुरू होताना हजारो लहान-लहान फाईली चकतीच्या वेगवेगळ्या भागांतून उचलाव्या लागतात आणि प्रत्येकीसाठी दांडीला जागा बदलून चकती फिरण्याची वाट पाहावी लागते. अशा विखुरलेल्या वाचनात ही डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच फेऱ्या मारू शकते. एसएसडी नावाच्या नव्या पद्धतीच्या साठवणुकीत फिरणारे काहीच नसते. सारे काही चिपमध्ये असते. म्हणून तेथे हेच काम सेकंदाला हजारो वेळा होते. सलग मोठी फाईल वाचण्याच्या वेगातही फरक आहे : जुनी डिस्क सेकंदाला साधारण १०० मेगाबाइट वाचते, तर साध्या 'साटा' जोडणीची एसएसडी ५०० च्या आसपास. परंतु रोजच्या वापरात सुखावणारा फरक पहिल्या प्रकारचा आहे.

आमच्या कार्यालयात लेनोवो कंपनीचा थिंकपॅड टी४३० हा लॅपटॉप अजून वापरात आहे. हे मॉडेल २०१२ साली बाजारात आले. त्यातील प्रोसेसर इंटेलच्या तिसऱ्या पिढीतला, म्हणजे आजच्या हिशेबाने पणजोबाच. हे यंत्र सुरू करून चहा गाळायला गेले, चहा पिऊन परत आले, तरी पडद्यावरचे गोल चक्र फिरतच असायचे. त्यात एसएसडी बसविली, रॅम वाढविली, पंखा साफ केला. आता बटण दाबल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत ते कामाला हजर असते. पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, ई-मेल, ऑनलाइन सभा ह्या कामांत त्याचे वय जाणवत नाही. त्यावर चित्रपटाचे संकलन करण्याच्या भानगडीत मात्र कोणी पडू नये.

डिस्क बदलणे हे वाटते तितके अवघड काम नाही. त्या काळातील बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्क असते आणि साटा एसएसडी नेमकी त्याच मापाची मिळते. तळाचे झाकण काढले, एक-दोन स्क्रू सैल केले, जुनी डिस्क आडवी सरकवून बाहेर घेतली आणि त्याच जागी नवी बसविली, की काम झाले. अट एवढीच, की काम सुरू करण्यापूर्वी चार्जर काढावा, बॅटरी बाहेर घ्यावी किंवा आत असल्यास तिची पिन सोडवावी, आणि एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. स्क्रू लहान-मोठे असतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर तो मुख्य पाटीत शिरतो. म्हणून ज्या जागेचा स्क्रू त्या जागेच्या चित्रावरच चिकटपट्टीने लावून ठेवण्याची रीत चांगली. काही कंपन्या आपल्या यंत्रांची दुरुस्ती-पुस्तिका सर्वांना उघडपणे उपलब्ध करून देतात. थिंकपॅडची अशी पुस्तिका आहे, आणि तिच्यात प्रत्येक स्क्रूचे माप दिलेले आहे. ज्यांना हे धाडस नको असेल त्यांनी गावातील कारागिराकडे जावे. अर्ध्या तासाचे काम आहे, मजुरीही त्या मानाने असावी.

आता ओट्याकडे, म्हणजे रॅमकडे वळू. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा ४ जीबी रॅम असते. दहा वर्षांपूर्वी ती पुरत होती. परंतु आज इंटरनेटवरील पृष्ठेच इतकी जड झाली आहेत, की ब्राउझरमध्ये आठ-दहा पाने उघडली, की ओटा भरून जातो. मग यंत्र ओट्यावरचे सामान तात्पुरते कोठीत नेऊन ठेवते व लागेल तसे परत आणते. ही ये-जा म्हणजेच पडदा गोठल्यासारखा होणे. ८ जीबी रॅम केली, की सामान्य विद्यार्थ्याची गरज भागते. येथे एक सावधगिरी हवी. डीडीआर३ आणि डीडीआर४ ह्या वेगवेगळ्या जाती आहेत. त्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात आणि एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. डीडीआर३ मध्येही पुन्हा दोन प्रकार आहेत. एक दीड व्होल्टवर चालणारा आणि दुसरा १.३५ व्होल्टवर चालणारा. ह्या दुसऱ्याच्या नावापुढे 'एल' अक्षर असते. काही लॅपटॉपना हा 'एल' प्रकारच लागतो. म्हणून जुनी पट्टी बरोबर घेऊन दुकानात जावे, हे सर्वांत उत्तम. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ह्या ठिकाणी असे सुटे भाग मिळतात. पालघर-वसईकडच्या वाचकांना त्यासाठी लोकलचा एक प्रवास करावा लागेल, तो वाया जाणार नाही.

किमती आम्ही मुद्दाम येथे छापत नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपच्या किमती जगभर भराभर चढल्या आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड डेटा सेंटरांनी ह्या चिपची मागणी वाढविली आहे. गेल्या वर्षी शेजाऱ्याने सांगितलेला भाव आज लागू असेलच असे नाही. दोन दुकानांत विचारावे. मात्र ह्याच कारणाने नवे लॅपटॉपही महागले आहेत, हे ध्यानात ठेवावे. आणि डीडीआर३ च्या वापरलेल्या पट्ट्या चांगल्या स्थितीत मिळत असल्यास त्या घेण्यात कमीपणा नाही. रॅमला फिरणारा भाग नसल्याने ती सहसा झिजत नाही. वापरलेली एसएसडी मात्र आम्ही घेणार नाही. तिच्यावर लिहिण्याला मर्यादा असते आणि आधीच्या मालकाने ती किती वापरली हे दुकानदार सांगत नसतो.

तिसरे दुखणे उष्णतेचे. लॅपटॉपचा पंखा वर्षानुवर्षे धूळ ओढत असतो. ती धूळ तांब्याच्या बारीक पट्ट्यांच्या तोंडाशी गोधडीसारखी जमते आणि गरम हवा बाहेर पडू शकत नाही. प्रोसेसर व तांब्याची नळी ह्यांच्यामध्ये एक प्रकारचा लेप लावलेला असतो, तोही पाच-सात वर्षांत वाळून जातो. मग प्रोसेसर स्वतःचा बचाव करण्यासाठी आपला वेग आपणहून कमी करतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, यंत्र म्हातारे झाले. वास्तविक ते गुदमरलेले असते. पंखा साफ करताना ब्रश किंवा हवेचा फवारा वापरावा, पण त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. फवाऱ्याने पंखा भलत्याच वेगाने फिरला, तर त्याचे बेअरिंग खराब होते. जुना लेप पुसून वाटाण्यापेक्षाही लहान असा नवा ठिपका लावावा. जास्त लेपाने जास्त गारवा मिळत नाही. आमच्या किनारपट्टीच्या गावांत खारी हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा ह्यांमुळे आतील जोडण्यांवर हिरवट गंज चढतो. त्यासाठी यंत्र उघडलेच आहे तर रॅमच्या पितळी रंगाच्या दातांवरून साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवून घ्यावा. कित्येक 'मेलेले' लॅपटॉप एवढ्यानेच उठून बसतात, असे कारागीर सांगतात आणि ते खरे आहे.

बॅटरीविषयी मात्र काटकसरीचा सल्ला आम्ही देणार नाही. लिथियम-आयन बॅटरी वापरली तरी जुनी होते आणि कपाटात पडून राहिली तरीही. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय असते. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज केल्यावर भरणारी क्षमता असे दोन आकडे दिसतात. पहिला ५०,००० आणि दुसरा २०,००० असेल, तर बॅटरीत ४० टक्के जीव उरला असे समजावे. घरातल्या घरात, चार्जर लावून काम करणाऱ्यासाठी तेवढीही चालेल. परंतु लॅपटॉपचा तळ टेबलावर डुगडुगू लागला, टचपॅड वर उचलल्यासारखे दिसू लागले किंवा झाकण नीट मिटेनासे झाले, तर बॅटरी फुगली आहे असे मानून त्याच क्षणी वापर थांबवावा. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करून पाहू नये. ती पेट घेऊ शकते. नवी बॅटरी घेताना अगदी स्वस्त नक्कल टाळावी. काही यंत्रे तर परकी बॅटरी ओळखून ती चार्ज करण्यास चक्क नकार देतात. वर उल्लेखिलेला टी४३० त्यांपैकीच एक आहे. चार्जरच्या बाबतीत नियम सोपा आहे : व्होल्टचा आकडा मूळ चार्जरइतकाच हवा, अँपिअरचा आकडा तितकाच किंवा अधिक चालतो.

इतके झाले, की यंत्राचे शरीर सुधारले. आता त्याच्या आत्म्याचा, म्हणजे सॉफ्टवेअरचा प्रश्न उरतो, आणि खरी अडचण आज येथेच आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० साठी सुरक्षेच्या मोफत सुधारणा देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत जाहीर झाली. विंडोज ११ साठी कंपनीने घातलेल्या अटी कडक आहेत : टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. म्हणजे २०१७ च्या आधीचे जवळजवळ सारे लॅपटॉप, ते कितीही धडधाकट असले, तरी अधिकृतपणे बाद ठरतात. आडवाटेने विंडोज ११ बसवून देणारे कारागीर आहेत. परंतु पुढच्या सुधारणा अशा यंत्राला मिळत राहतील ह्याची हमी कंपनी देत नाही, म्हणून ज्यावर बँकेचे व्यवहार होणार आहेत त्या यंत्रासाठी हा मार्ग आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

सुधारणा थांबल्या म्हणून लॅपटॉप दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. परंतु नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजविल्या जात नाहीत. घराच्या दाराचे कुलूप जुनेच राहते आणि चोरांना नव्या किल्ल्या मिळत जातात. ह्यावर एक चांगला उपाय आहे, त्याचे नाव लिनक्स. ही मोफत व मुक्त प्रणाली आहे. तिच्या अनेक प्रकारांपैकी लिनक्स मिंट हा प्रकार विंडोजला सरावलेल्या माणसाला सर्वांत सोपा जातो. त्याची २२ वी आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत. जुन्या यंत्रांसाठी तिचा 'एक्सएफसीई' नावाचा हलका अवतार घ्यावा. हे सारे ऐकून 'आमच्या मुलांना हे जमेल का?' असे विचारणाऱ्या पालकांना आम्ही केरळकडे बोट दाखवतो. तेथील शासकीय शाळांतून संगणकाचे शिक्षण गेली अनेक वर्षे लिनक्सवरच दिले जात आहे. केरळच्या मुलांना जमते ते आपल्या मुलांना न जमण्याचे कारण दिसत नाही.

लिनक्सची एक सोय आम्हांला विशेष आवडते. ती बसविण्यापूर्वी चाखून पाहता येते. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट उतरवून घ्यावे, लॅपटॉप सुरू करताना एफ१२ किंवा एफ९ (कंपनीनुसार कळ बदलते) दाबून पेन ड्राइव्हवरून सुरुवात करावी. आतील डिस्कला हात न लावता सारी प्रणाली समोर उघडते. तेथे वाय-फाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, घरातील प्रिंटर ओळखला जातो का, हे तासाभरात तपासून घ्यावे. काही जुने प्रिंटर रुसून बसतात, हे आधी कळलेले बरे. वर्ड आणि एक्सेलच्या फाईली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. साध्या पत्रात फरक पडत नाही, पण गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी थोडी हलते. टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्यांनी किंवा ज्यांच्या महाविद्यालयाच्या परीक्षेचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते त्यांनी हा मार्ग धरण्यापूर्वी चौकशी करावी.

दुकानात 'पाचशे रुपयांत विंडोज टाकून देतो' असे सांगितले जाते, त्याविषयीही लिहिणे भाग आहे. अशी प्रत बहुधा चोरलेली असते, आणि कुलूप मोडण्यासाठी तिच्यात जी युक्ती केलेली असते तिच्याआडून आणखी काय आत शिरले हे कोणालाच ठाऊक नसते. सातवी आज्ञा सॉफ्टवेअरला लागू होत नाही, असा समज आमच्या चांगल्या-चांगल्या घरांत आढळतो. असो. जेथे मोफत आणि कायदेशीर पर्याय उपलब्ध आहे, तेथे चोरीचा माल घरात आणण्याची गरज उरत नाही, एवढेच म्हणतो.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी येथे एक वेगळीच अडचण आहे, आणि तिची दखल संगणकाच्या इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. आपल्या संस्थांची, मंडळांची आणि धर्मग्रामांची वीस-पंचवीस वर्षांची पत्रके, स्मरणिका, नाटकांच्या संहिता, भक्तिगीतांचे संग्रह हे सारे श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले आहे. हे फाँट युनिकोडच्या आधीच्या व्यवस्थेतले आहेत. त्यांतील 'क' हा संगणकाच्या लेखी 'क' नसतो. तो कुठल्या तरी इंग्रजी चिन्हाच्या जागी बसविलेला 'क' चा आकार असतो. म्हणून तो फाँट नसलेल्या यंत्रावर ती फाईल उघडली, की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. काही जुन्या टाइपसेटिंग सॉफ्टवेअरना तर यंत्राच्या पाठीमागे लावायचे एक कुलूप, म्हणजे डोंगल, लागत असे. ते हरवले की फाईली असून नसल्यासारख्या. तेव्हा जुना लॅपटॉप पुसून नवी प्रणाली घालण्यापूर्वी अशा प्रत्येक दस्तऐवजाची पीडीएफ प्रत काढून घ्यावी आणि जे पुढे वापरायचे आहे ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवावे. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात. कोणीतरी शांतपणे बसून वाचून दुरुस्त केल्यावाचून गत्यंतर नाही. एखाद्या सुट्टीत युवकांनी हे काम अंगावर घेतले, तर त्यांच्या हातून गावाच्या स्मृतीचा एक मोठा तुकडा वाचेल. लिनक्सवर युनिकोड मराठी टाइप करण्यास कोणतीही अडचण नाही. इनस्क्रिप्ट हा प्रमाणित कळफलक त्यात असतो.

सर्वच जुने लॅपटॉप वाचविण्यासारखे असतात, असे आमचे म्हणणे नाही. मुख्य पाटी जळाली असेल, आत पाणी किंवा चहा शिरून गंज पसरला असेल, तर दुरुस्तीचा खर्च कोठे थांबेल ह्याचा नेम नसतो. काही स्वस्त, पातळ लॅपटॉपमध्ये २ जीबी रॅम आणि ३२ जीबीची साठवण मुख्य पाटीवरच डाक देऊन बसविलेली असते. तेथे बदलण्याजोगे काहीच नाही. ते यंत्र जन्मतःच अपुरे होते. ३२-बिट प्रोसेसरची फार जुनी यंत्रेही सोडून द्यावीत, कारण आजच्या बहुतेक प्रणालींनी त्यांची साथ सोडली आहे. वास्तुशास्त्र, ॲनिमेशन, अभियांत्रिकीतील काही शाखा ह्यांसाठी जी जड सॉफ्टवेअर लागतात त्यांना नवे, सशक्त यंत्रच हवे. अशा मुलाला जुना लॅपटॉप देऊन 'काटकसर शिक' म्हणणे हा त्याच्या शिक्षणावर अन्याय होईल. आमचा ठोकताळा असा आहे, की सर्व भाग आणि मजुरी मिळून खर्च नव्या लॅपटॉपच्या चौथ्या हिश्शाच्या पुढे जाऊ लागला, तर थांबावे. आणि क्रम पाळावा : आधी तपासणी, मग सफाई, मग एसएसडी, मग गरज वाटल्यास रॅम, आणि शेवटी बॅटरी. अनेकदा तिसऱ्या पायरीवरच माणूस समाधानी होतो.

ज्यांच्या घरी जुना लॅपटॉपही नाही, त्यांनी मोठ्या कंपन्यांतून तीन-चार वर्षांच्या वापरानंतर बाहेर पडलेली यंत्रे पाहावीत. डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक, लेनोवो थिंकपॅड ही मॉडेल्स कार्यालयीन वापरासाठी मजबूत बांधणीची असतात आणि त्यांचे सुटे भाग सहज मिळतात. घेताना आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर मागावा. मग विंडोज ११ चा प्रश्नही सुटतो. पक्के बिल आणि लेखी हमी ह्यांशिवाय व्यवहार करू नये. बिजागऱ्या उघडून-मिटून पाहाव्यात, कळफलकावरील प्रत्येक कळ दाबून पाहावी.

ह्या साऱ्या खटाटोपामागे केवळ पैशाचा हिशेब नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ ह्या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. उरलेल्यापैकी काही भाग दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोहोचतो. तेथे तारा जाळून तांबे आणि पाट्या आम्लात बुडवून सोने काढले जाते, आणि त्या धुरात गरिबांची मुले श्वास घेतात. लॅपटॉपच्या एकूण आयुष्यात जेवढे कार्बन-उत्सर्जन होते, त्याचा मोठा हिस्सा तो आपल्या घरी येण्यापूर्वीच, कारखान्यात आणि खाणीत, होऊन गेलेला असतो. म्हणून वीज वाचविणारे नवे यंत्र घेऊन पर्यावरण राखले, ही समजूत लॅपटॉपच्या बाबतीत फसवी आहे. असलेले यंत्र अधिक वर्षे वापरणे हेच हितकर. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात फेकून देण्याच्या ज्या संस्कृतीवर बोट ठेवले, ती अशी कपाटापासून सीलमपूरपर्यंत पसरलेली आहे.

शेवटी, काढलेल्या जुन्या भागांचे काय करावे? जुनी हार्ड डिस्क चांगल्या स्थितीत असेल, तर तिला यूएसबीचा डबा मिळतो. त्यात घालून ती कुटुंबाच्या छायाचित्रांची दुसरी प्रत ठेवण्यास वापरता येते. मात्र ती एकमेव प्रत असू नये. डिस्क किंवा लॅपटॉप दुसऱ्याला द्यायचा असेल, तर नुसते 'डिलीट' किंवा झटपट 'फॉरमॅट' करून भागत नाही. त्याने केवळ अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर तसाच राहतो आणि जाणकार तो परत मिळवू शकतो. आधार कार्डाच्या प्रती, बँकेची पासबुके, मुलींची छायाचित्रे हे सारे त्यात असते. फिरत्या डिस्कवर सर्व जागा नव्याने लिहून काढणारे सॉफ्टवेअर चालवावे. एसएसडीसाठी कंपनीने दिलेली 'सिक्युअर इरेज'ची सोय वापरावी. दुरुस्तीला देतानाही शक्य असेल तर डिस्क काढून घरी ठेवावी.

खराब झालेली बॅटरी ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात कदापि टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर आग लागते. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून, उन्हापासून दूर, ज्वलनशील वस्तूंपासून अलग ठेवावी आणि अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार उत्पादक कंपन्यांवर जुन्या यंत्रांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आहे, आणि परवानाधारक प्रक्रिया केंद्रांची माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. दारावर येणारा भंगारवाला दोनशे रुपये अधिक देईल, हे खरे. परंतु त्याच्या हातगाडीचा रस्ता कोठे जातो, हे वर लिहिले आहे.